पॅरासिटामॉल, पी-व्हॅल्यू आणि पाच टक्क्यांची रेघ: ‘संशोधनात आढळलं’ म्हणजे नेमकं काय?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि गरोदर स्त्रियांना टायलेनॉल टाळण्याचा सल्ला दिला. टायलेनॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, म्हणजेच आपल्याकडचं पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल या गोळ्यांमधलं औषध तेच. गरोदरपणात हे औषध घेतलं तर बाळाला ऑटिझम होण्याचा धोका वाढतो, असा दावा होता. त्याच दिवशी अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरांना जे पत्र पाठवलं, त्यात मात्र कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असंही नमूद केलं होतं. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेनेही ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं.

आपल्याकडे तोवर व्हॉट्सॲपवर दोन्ही प्रकारचे फॉरवर्ड फिरायला लागले होते. एकात ‘संशोधनात धोका आढळला’, दुसऱ्यात ‘संशोधनात धोका आढळला नाही’. गंमत म्हणजे दोन्ही खरे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या एका आढाव्यात ४६ अभ्यास तपासून संबंध दिसतो असं म्हटलं होतं. आणि २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासाने संबंध दिसत नाही असं म्हटलं होतं.

मी इथे एरवी फोन, ॲप आणि एआयबद्दल लिहितो. हा विषय घेतला, कारण हा वाद फक्त औषधाचा नाही. आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, यावर शास्त्रज्ञांमध्येच गेली शंभर वर्षं भांडण चालू आहे. तुमच्या फोनमधलं ॲप कोणतं बटण कुठे दाखवायचं हे ज्या गणिताने ठरवतं, त्याच गणिताचं हे भांडण आहे. ते समजलं की असे फॉरवर्ड वाचायची पद्धत बदलते. चला तर मग, पहिल्यापासून बघू.

तीन वेगळे प्रश्न

रिचर्ड रॉयल नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने हे सगळं भांडण तीन प्रश्नांत मांडलं होतं. सोप्या मराठीत ते असे:

१. हा डेटा काय सांगतो?
२. हा डेटा बघून मी काय मानावं?
३. हा डेटा बघून मी काय करावं?

वरवर तिन्ही सारखेच वाटतात. पण तिघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि तिन्हींसाठी वेगवेगळी पद्धत लागते. माझ्या मते ‘संशोधनात आढळलं’ या बातम्यांमधला बहुतेक गोंधळ एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवल्यामुळे होतो.

पी-व्हॅल्यू: पुण्यातल्या एका चाचणीवरून

पी-व्हॅल्यू समजून घ्यायला आपल्याकडेच एक उत्तम उदाहरण आहे. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० मुलांच्या कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० कुंडल्या पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलाची कोणती ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली.

आता समजा ज्योतिषाला कुंडलीतून काहीच कळत नाही, तो मनातल्या मनात नाणं उडवतोय. तर ४० पैकी साधारण २० उत्तरं बरोबर येतील. कधी १७, कधी २३. मग एखाद्याची २६ बरोबर आली तर? नुसतं नाणं उडवून ४० पैकी २६ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. ही ४ टक्के, म्हणजे ०.०४, हीच पी-व्हॅल्यू. ‘काहीही परिणाम नाही असं धरलं, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता किती’ एवढंच ती सांगते.

विज्ञानात रूढ झालेली रेघ आहे ०.०५, म्हणजे ५ टक्के. त्याच्या खाली आलं की निकालाला ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ म्हणतात.

प्रत्यक्षात काय झालं? सगळ्यांत जास्त गुण होते २४, तेही एकाच ज्योतिषाला. सगळ्यांची मिळून बरोबर उत्तरं ४६ टक्के होती. नाण्याचे ५० टक्के आले असते.

इथे एक सापळा आहे. समजा एकाला २६ मिळाले असते, तर ‘पी-व्हॅल्यू ०.०४, म्हणजे या ज्योतिषाला विद्या येते’ असं म्हणता आलं असतं का? नाही. कारण २७ जण होते. २७ जणांनी नुसती नाणी उडवली, तरी त्यांतल्या किमान एकाला २६ किंवा जास्त मिळण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के आहे! एका माणसासाठी जे दुर्मीळ, ते गर्दीत कोणाला तरी होणारच. लॉटरी मला लागणं दुर्मीळ, पण कोणाला तरी लागतेच, तसंच हे. आणि प्रत्यक्षातले २४ गुण? २७ नाणेवाल्यांपैकी तीन-चार जणांना तेवढे किंवा जास्त मिळाले असते.

दुसरा सापळा जास्त मजेशीर आहे. २७ गुणिले ४० म्हणजे १,०८० उत्तरं, त्यांतली ४६ टक्के बरोबर. मी प्रत्येक उत्तर स्वतंत्र धरून हिशेब करून पाहिला. नाण्यापेक्षा इतकं कमी पडण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी येते. म्हणजे ‘ज्योतिषी खात्रीने उलटं सांगतात’ हे सिद्ध झालं का? असं कोणीच म्हणणार नाही. एक तर ही उत्तरं स्वतंत्र नाहीत. कुंडल्या २००च होत्या, त्यामुळे तीच कुंडली अनेकांकडे गेली, आणि नियमही बरेचसे सामाईक. एक नियम चुकला की अनेकांची उत्तरं एकदम चुकणार. आणि दुसरं कारण म्हणजे ‘उलटी विद्या’ ही कल्पनाच इतकी विचित्र आहे, की तेवढ्या पुराव्यावर ती मानायला कोणी तयार होणार नाही.

यातलं दुसरं कारण लक्षात ठेवा. त्यात या शंभर वर्षांच्या भांडणाचं मूळ आहे.

सगळ्यांत मोठी गफलत

पी-व्हॅल्यू ०.०४ आली की बरेच जण, डॉक्टर आणि प्राध्यापकसुद्धा, वाचतात: ‘हा निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता फक्त ४ टक्के.’ हे चूक आहे.

पाऊस पडला की रस्ता ओला होतो. पण रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊस पडलाच असं नाही, पाण्याचा टँकर गळत गेला असेल. ‘पाऊस असेल तर ओला रस्ता’ आणि ‘ओला रस्ता असेल तर पाऊस’ या दोन वेगळ्या शक्यता आहेत. एप्रिलमध्ये नागपुरात ओला रस्ता दिसला तर टँकर आठवेल, जुलैमध्ये रत्नागिरीत दिसला तर पाऊस. पी-व्हॅल्यू पहिल्या जातीची शक्यता सांगते आणि आपण ती दुसऱ्या जातीची म्हणून वाचतो.

आकड्यांत बघू. समजा शास्त्रज्ञांनी १,००० कल्पना तपासल्या. त्यांतल्या १०० खऱ्या आहेत, ९०० खोट्या. प्रयोग चांगले आहेत, खऱ्या कल्पनांपैकी ८० टक्के पकडतात. म्हणजे ८० खऱ्या सापडल्या. खोट्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५ योगायोगाने रेघेच्या पलीकडे गेल्या. एकूण ‘सिग्निफिकंट’ निकाल १२५, त्यांतले ४५ चुकीचे. म्हणजे ३६ टक्के! रेघ ५ टक्क्यांची होती, तरीही.

फिशर विरुद्ध नेमन: पुरावा की निर्णय?

ही ०.०५ ची रेघ लोकप्रिय केली ती रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने. त्यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ हे पुस्तक १९२५ मध्ये आलं, म्हणजे २०२५ मध्ये त्याला बरोबर शंभर वर्षं झाली. फिशर यांच्या लेखी ही एक सोयीची खूण होती. निकाल रेघेखाली आला तर ‘इथे काहीतरी असावं, पुन्हा प्रयोग करून बघा’ एवढाच अर्थ. म्हणजे त्यांचा भर पहिल्या प्रश्नावर: डेटा काय सांगतो?

जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये वेगळी मांडणी केली. ते म्हणाले, एका प्रयोगावरून सत्य कळणार नाही. पण निर्णय तर घ्यावाच लागतो. मग असा नियम करा, जो वर्षानुवर्षं वापरला तर चुका एका मर्यादेत राहतील. चुका दोन प्रकारच्या: नसलेला परिणाम ‘आहे’ म्हणणं, आणि असलेला परिणाम ‘नाही’ म्हणणं. कोणती चूक किती महाग पडते ते बघून रेघ आधीच आखा. हा तिसरा प्रश्न: काय करावं?

फिशर यांना हे अजिबात पटलं नाही. विज्ञान म्हणजे कारखान्यातली मालाची तपासणी नव्हे, असा त्यांचा सूर होता. १९६२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत हा वाद मिटला नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी दोघांची खिचडी केली: पी-व्हॅल्यू फिशर यांची, ‘मान्य-अमान्य’ चा शिक्का नेमन यांचा. दोघांनाही जे मान्य झालं नसतं, तेच आज जगभर शिकवलं जातं.

बेज, जेफ्रीज आणि कोल्हापूरचे हुजूरबाजार

राहिला दुसरा प्रश्न: मी काय मानावं? त्याचं उत्तर तिसऱ्या घराण्याकडे आहे. थॉमस बेज या इंग्रज धर्मगुरूचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. त्यातली कल्पना साधी आहे. पुरावा येण्याआधी तुमचा काहीतरी अंदाज असतो. पुरावा आला की तो अंदाज गणिताने सुधारायचा. वरच्या ओल्या रस्त्याच्या उदाहरणात तुम्ही नागपूरचा एप्रिल आणि रत्नागिरीचा जुलै वेगळा धरलात ना? ते बेजचंच गणित.

विसाव्या शतकात केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी या पद्धतीला नवा पाया दिला. त्यांचं ‘थिअरी ऑफ प्रॉबॅबिलिटी’ १९३९ चं. पी-व्हॅल्यूवर त्यांचा आक्षेप असा होता की, ती ‘जे घडलं’ त्याबरोबर ‘याहून टोकाचं जे घडू शकलं असतं पण घडलं नाही’ तेही हिशेबात धरते. न घडलेल्या गोष्टींवरून एखादी कल्पना नाकारायची, हा कुठला न्याय? याच जेफ्रीज यांच्याकडे केंब्रिजला संशोधन केलं ते कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. परत आल्यावर त्यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. म्हणजे या वादाची एक फांदी थेट पुण्यापर्यंत आली आहे.

जेफ्रीज यांचा आक्षेप समजायला एक प्रसिद्ध कोडं घ्या. मी नाणं १२ वेळा उडवलं. ९ छापे, ३ काटे. नाणं छाप्याकडे झुकतं आहे का?

मी आधीच ठरवलं होतं की १२ वेळाच उडवायचं, तर पी-व्हॅल्यू येते ०.०७३. रेघेच्या वर, म्हणजे ‘काही सापडलं नाही’.

पण मी ठरवलं होतं की तिसरा काटा येईपर्यंत उडवत राहायचं, आणि तो नेमका बाराव्या वेळी आला, तर पी-व्हॅल्यू येते ०.०३३. रेघेच्या खाली, म्हणजे ‘सापडलं!’

नाणं तेच, निकाल तोच. बदललं ते फक्त माझ्या मनात काय होतं ते. बेजवाले म्हणतात, हे हास्यास्पद आहे, नाण्याला माझ्या मनाशी काय देणंघेणं? फिशर-नेमनच्या परंपरेतले म्हणतात, अहो, हवा तो निकाल येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवणारा माणूस आणि आधी आकडा ठरवून मोजणारा माणूस सारखे कसे? थांबायचा नियम विचारलाच पाहिजे. डेबोरा मेयो या तत्त्वज्ञ हाच मुद्दा जोरात मांडतात. एखादा दावा खोटा असता तर तो पकडला जाईल अशी कडक परीक्षा झाली का, हे बघितल्याशिवाय पुराव्याला अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही. बेजवाल्यांना ‘तुमचा आधीचा अंदाज कोणी ठरवला?’ हा प्रश्न कायम अडचणीचा असतो. त्यांचं उत्तर असं की अंदाज सगळेच धरतात, आम्ही तो लिहून दाखवतो.

हे सगळं तुमच्या ॲपमध्येही आहे

हे पुस्तकी वाटत असेल तर ए/बी टेस्टिंग आठवा. शॉपिंग ॲप अर्ध्या लोकांना हिरवं बटण दाखवतं, अर्ध्यांना केशरी, आणि कोणतं जास्त दाबलं जातं ते मोजतं. टीममधला कोणीतरी रोज सकाळी डॅशबोर्ड उघडतो. ज्या दिवशी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली दिसते त्या दिवशी ‘जिंकलो!’ म्हणून टेस्ट बंद. हाच तो नाण्याचा दुसरा नियम. पीटर आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की, दोन्ही बटणं अगदी सारखी असली तरी पाच वेळा डोकावलं तर चुकीने ‘जिंकलो’ म्हणायची शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्के होते, आणि दहा वेळा डोकावलं तर १९ टक्के. आता बऱ्याच टेस्टिंग सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळं गणित असतं. पण ते चालू आहे का, हे बघणारं कोणीतरी लागतंच.

उलट पुरावा भक्कम असला की घराणं कुठलंही असो, उत्तर तेच येतं. कोविड लसींच्या चाचण्या आठवा. फायझरने बेजचं गणित वापरलं. लस घेतलेल्या गटात ८ रुग्ण, न घेतलेल्या गटात १६२, परिणामकारकता ९५ टक्के. मॉडर्नाने पारंपरिक गणित वापरलं. ११ विरुद्ध १८५, परिणामकारकता ९४.१ टक्के. इथे तत्त्वज्ञानाचा वाद घालायला कोणी बसलं नाही. वाद पेटतो तो परिणाम बारीक असतो तेव्हा.

मग रेघ काढून टाकायची का?

गेल्या दहा वर्षांत हा वाद पुन्हा पेटला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळचे ९७ टक्के ‘सिग्निफिकंट’ होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-व्हॅल्यूबद्दल जाहीर निवेदन काढलं: एवढ्या एका आकड्यावर निष्कर्ष किंवा धोरण ठरवू नका. मार्च २०१९ मध्ये ‘नेचर’ मध्ये आलेल्या लेखाला ८०० हून जास्त शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला. त्यांची मागणी होती की ‘सिग्निफिकंट’ हा शिक्काच बंद करा. त्याआधी ७२ संशोधकांनी वेगळा तोडगा सुचवला होता: रेघ ठेवा, पण ०.००५ वर न्या.

जॉन इओअ‍ॅनिडिस यांनी मात्र शिक्का बंद करायला विरोध केला. प्रकाशित संशोधनातलं बरंचसं चुकीचं असतं, हे २००५ मध्ये ठासून सांगणारे हेच ते. त्यांचं म्हणणं, आधी ठरवलेली रेघच नसेल तर ज्याला जे हवं ते तो आकड्यांमधून काढेल. औषध कंपन्यांसाठी तर हे फारच सोयीचं. २०२१ मध्ये त्याच असोसिएशनच्या अध्यक्षांनी नेमलेल्या गटानेही सांगितलं की, नीट वापरली तर पी-व्हॅल्यू उपयोगी आहे, ती फेकून देऊ नका.

माझं मत विचाराल तर, रेघ हवी ती निर्णयासाठी. औषधाला परवानगी द्यायची की नाही, याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच द्यावं लागतं. पण ‘आपल्याला काय कळलं’ हे सांगताना रेघेचा शिक्का मारणं बंद व्हायला हवं. तिथे परिणाम किती मोठा आणि अनिश्चितता किती, हे सांगावं.

आता पुन्हा पॅरासिटामॉलकडे

स्वीडनच्या अभ्यासात १९९५ ते २०१९ दरम्यान जन्मलेली सुमारे २४.८ लाख मुलं होती. साध्या तुलनेत, म्हणजे गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या मातांच्या मुलांमध्ये, ऑटिझमचा धोका १.०५ पट दिसला. त्याची ९५ टक्के मर्यादा १.०२ ते १.०८. मर्यादेत १ येत नाही, म्हणजे निकाल ‘सिग्निफिकंट’. इथेच थांबलं तर ‘धोका सिद्ध’ अशी हेडलाइन होते.

पण किती धोका? १.०५ पट म्हणजे ५ टक्क्यांची वाढ, तीही मुळात छोट्या आकड्यावर. दहा वर्षांच्या वयापर्यंतचा फरक दहा हजार मुलांमागे सुमारे ९ मुलांचा. लाखो नोंदी असल्या की इतका बारीक फरकही रेघ ओलांडतो. सिग्निफिकंट म्हणजे मोठा, असा अर्थ कधीच नव्हता.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. गोळी कोण घेतं? ताप, संसर्ग, मायग्रेन असलेल्या बायका. मग धोका गोळीचा, तापाचा, की घराण्यातल्या जनुकांचा? हे वेगळं करायला संशोधकांनी सख्खी भावंडं घेतली. आई तीच, एका मुलाच्या वेळी गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही. ही तुलना केली आणि आकडा झाला ०.९८, मर्यादा ०.९३ ते १.०४. वाढ गायब.

आता ‘शून्य धोका सिद्ध झाला’ असं म्हणायचं का? तेही नाही. रेघ ओलांडली नाही म्हणजे परिणाम नाही, ही वरच्याच गफलतीची दुसरी बाजू. नीट वाचायचं तर, या तुलनेनुसार वाढ असलीच तर ती ४ टक्क्यांच्या आतबाहेरची, त्याहून बरीच मोठी असणं या डेटाशी जुळत नाही. या अभ्यासावर टीकाही आहे. फक्त साडेसात टक्के मातांनी गोळी घेतल्याची नोंद आहे, ती कमी वाटते. ज्यांनी घेतली पण नोंद झाली नाही, त्या ‘न घेतलेल्या’ गटात मोजल्या गेल्या असतील, तर खरा फरक झाकला जाऊ शकतो. हा रास्त आक्षेप आहे, आणि ४६ अभ्यासांच्या आढाव्यात व स्वीडनच्या अभ्यासात निष्कर्ष वेगळे येण्यामागे कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचं, हाच फरक आहे.

कोणी म्हणेल, ‘जनुकांमुळे असेल’ हे तर कशालाही म्हणता येईल. बरोबर, आणि इतिहासात ते झालंही आहे. खुद्द फिशर यांनी १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाबद्दल हाच युक्तिवाद केला होता: सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्ही एकाच जनुकामुळे असतील. तेव्हा ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. त्याला उत्तर दिलं जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी, १९५९ मध्ये. सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका नऊ पट असेल, आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या कारणामुळे असेल, तर ते कारण सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये किमान नऊ पट जास्त प्रमाणात असायला हवं. इतकं मोठं कारण लपून कसं राहील?

हीच कसोटी इथे लावा. १.०५ पट फरक पुसून टाकायचा तर लपलेलं कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये किमान ५ टक्के जास्त असायला हवं, एवढीच ती अट. ताप किंवा मायग्रेन तर त्याहून कितीतरी जास्त असणार, गोळी घ्यायचं कारणच ते! म्हणून सिगारेटच्या बाबतीत लंगडा पडलेला युक्तिवाद इथे मात्र वजनदार ठरतो.

तीन प्रश्न, तीन उत्तरं

डेटा काय सांगतो? साध्या तुलनेत बारीक संबंध, भावंडांच्या तुलनेत काही नाही. मी काय मानावं? माझ्या मते, गोळीमुळे ऑटिझम होतो हे मानण्याइतका पुरावा नाही, आणि असलाच तर परिणाम फार छोटा. काय करावं? इथे दोन्ही चुकांची किंमत बघावी लागते. गरोदरपणातला जास्त ताप अंगावर काढणंही धोक्याचं असतं, आणि वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच गरोदरपणात चालत नाहीत. तिथे पॅरासिटामॉल हाच तुलनेने सुरक्षित पर्याय मानला जातो. त्या पत्रकार परिषदेत झालं ते असं, की पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घेऊन थेट तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं, आणि दुसऱ्या चुकीची किंमत कोणी मोजलीच नाही.

पुढच्या वेळी ‘संशोधनात आढळलं’ असा मेसेज आला, मग तो औषधाचा असो, मोबाइल टॉवरचा की नव्या एआय मॉडेलने जुन्याला हरवल्याचा, तर एवढं विचारा:

- फरक आहे हे कळलं, पण तो किती? शंभरात किंवा दहा हजारांत किती माणसं?
- किती गोष्टी तपासल्या आणि त्यांतली कोणती दाखवली? ते २७ ज्योतिषी आठवा.
- कुठे थांबायचं हे आधी ठरवलं होतं का?
- हा दावा आधीच कितपत शक्य वाटत होता?
- दोन्ही गटांत आणखी कोणता फरक होता?
- चूक झाली तर कोणाला महागात पडेल?

आणि घरात कोणी गरोदर असेल, ताप आला असेल, तर फॉरवर्ड वाचून गोळी घेऊ नका आणि वाचून टाळूही नका. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. तिचा ताप किती आहे आणि कितवा महिना चालू आहे, हे त्यांना माहीत असतं. २५ लाख मुलांच्या सरासरीत ते कुठेच दिसत नाही.